दोनशे वर्षं जुना प्लस स्क्रू

परवाच्या शनिवारी एका मित्राची वास्तुशांत होती. बाणेर, बारावा मजला, बाल्कनीतून थेट हायवे. (हायवे दिसणं हल्ली 'व्ह्यू'मध्ये धरतात म्हणे. असो.) जेवणं आटोपली, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास झाला आणि यजमानांची घर दाखवायची फेरी सुरू झाली. मॉड्युलर किचन झालं, फॉल्स सीलिंग झालं, मग हॉलच्या मधोमध तो थांबला. "आणि हा माझा पीस."

पीस म्हणजे सेंटर टेबल. एक कोरीव लाकडी दार आडवं टाकलेलं, वर जाड काच, खाली चार पाय. दारावर पितळी चकत्या, मध्ये मोर. "दोनशे वर्षं जुनं आहे. राजस्थानातल्या एका हवेलीचं. डीलर म्हणाला, असं आता मिळत नाही." किंमत त्याने सांगितली नाही, पण त्याच्या बायकोने ज्या नजरेने त्या काचेकडे बघितलं त्यावरून अंदाज आला.

मला एक वाईट खोड आहे. जुनी म्हणून दाखवलेली वस्तू मी समोरून बघत नाही, खालून बघतो. त्याच्या मुलीचा चेंडू आयताच टेबलाखाली गेला होता. तो काढायच्या निमित्ताने मी गुडघ्यांवर बसलो आणि मोबाईलचा टॉर्च लावला. दाराच्या मागच्या फळ्या प्लसच्या स्क्रूंनी बसवलेल्या. सगळ्याच्या सगळ्या. हेन्री फिलिप्सने त्या स्क्रूची पेटंटं मिळवली १९३६ साली. आता, एखादा प्लस स्क्रू सापडला म्हणजे वस्तू खोटी असं अजिबात नाही. मधे कोणीतरी दुरुस्ती केली असेल. पण मग आधीच्या खिळ्यांची भोकं कुठेतरी दिसायला हवीत ना? एकही नव्हतं. त्याहून गंमत म्हणजे बिजागरीची खूणच नव्हती. जुन्या घरांतली दारं बहुतेक वेळा बिजागरीवर नसतातच, दाराच्या फळीचं टोक वर आणि खाली बाहेर काढलेलं असतं आणि ते खोबणीत फिरतं. तसं टोकही नव्हतं, ते कापून टाकल्याची खूणही नव्हती. कडी घासून पडलेला चरा नव्हता.

म्हणजे हे दार आयुष्यात कधी उघडलंच नव्हतं.

मी चेंडू घेऊन वर आलो आणि "मस्त आहे रे" म्हणालो. वास्तुशांतीला दुसरं काय म्हणणार? पण गाडीत बसल्यावर डोकं फिरलं ते फिरलंच. (मित्रा, वाचत असलास तर सॉरी. टेबल खरंच सुरेख आहे. फक्त ते दोनशे वर्षांचं नाहीये.)

आता तुम्ही म्हणाल, त्याला आवडलंय, त्याचे पैसे, तुझ्या पोटात का दुखतंय? रास्त प्रश्न आहे. नवीन कोरीव काम आवडणं हा काही गुन्हा नाही. जोधपूरला जुन्या धाटणीचं फर्निचर बनवायचा मोठा धंदा आहे, तिथला माल जगभर जातो आणि त्यातलं काही काम बघून तोंडात बोट घालावं असं असतं. माझं भांडण त्या फर्निचरशी नाही, 'अँटिक' या एका शब्दाशी आहे. तो मोर ज्याने सहा महिन्यांपूर्वी कोरला तो माणूस जिवंत आहे. पण डीलरला विकायचाय एक मेलेला कारागीर, त्यामुळे जिवंत कारागिराचं नाव, गाव, सगळं पुसून टाकणं भाग आहे. त्याला रोजंदारी मिळते आणि 'दोनशे वर्षां'चे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. आपण स्वतःला 'क्राफ्ट'चे चाहते म्हणवतो आणि पैसे मोजतो ते कारागीर कोणीतरी दुसराच आहे या थापेसाठी!

आणि हा झाला त्यातल्या त्यात सौम्य भाग. माझी खरी तक्रार वेगळी आहे: खोटं जुनं हे खऱ्या जुन्याला खाऊन जगतं. हे मला कळलं ते पुस्तक वाचून नव्हे, स्वतःचे बावीस हजार घालवून.

२००९ साली पहिला ऑनसाइट भत्ता हातात आला होता. मुंबईत एका दुकानात एक ग्रामोफोन दिसला. चौकोनी पेटी, वर पाकळ्यापाकळ्यांचा झगझगीत पितळी कर्णा, पुढे कुत्र्याचं चित्र. दुकानदार म्हणाला, "साहेब, १८९० चा पीस आहे, एका नवाबाकडून आलाय." हा नवाब नंतर मला फार ठिकाणी भेटला. त्याच्याकडे एकंदर किती ग्रामोफोन होते याची कोणीतरी बेरीज करायला हवी. :)

मी आठ-दहा वर्षं प्रोग्रॅमिंग केलेला माणूस, दुसऱ्याच्या कोडमध्ये तारीख चुकली तर लगेच पकडतो. पण तिथे मला साधा हिशोब सुचला नाही. फ्रान्सिस बॅरॉचं ते कुत्र्याचं चित्र ग्रामोफोन कंपनीने विकत घेतलं १८९९ साली. रेकॉर्डवर कुत्रा यायला त्यानंतर आणखी जवळजवळ दहा वर्षं गेली, तोवर लेबलवर देवदूत असायचा. आपल्याकडे गौहर जानची पहिली रेकॉर्डिंग्ज झाली १९०२ मध्ये. मग १८९० साली हा नवाब वाजवत काय होता?

घरी आणल्यावर कर्णा डुगडुगायला लागला आणि सुई रेकॉर्डवरून सरळ आत घसरायला लागली. एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी पेटी उघडली, हसले आणि म्हणाले, "मोटर खरी आहे, बाकी सगळं बाजारातलं." पेटी हलक्या लाकडाला रंग मारून केलेली, कर्णा नवीन, मागचा कर्णा धरणारा लोखंडी हात ओबडधोबड ओतलेला. मोटर मात्र एका पोर्टेबल ग्रामोफोनची होती. एके काळी सुटकेससारखे जे ग्रामोफोन यायचे, लग्नाकार्यात नि सहलीला न्यायचे, त्यातला. कर्णा बाहेर नसतो त्यांना, त्यामुळे ते 'दिसत' नाहीत, त्यामुळे शोकेसमध्ये खपत नाहीत.

म्हणजे काय झालं बघा. कोणाच्या तरी घरातला ऐंशी वर्षांचा, खरा, चालणारा ग्रामोफोन फोडला गेला आणि त्यातून एकशेवीस वर्षांचा खोटा ग्रामोफोन तयार झाला. का? तर माझ्यासारख्याला शोकेसमध्ये कर्णा हवा होता म्हणून. ही फसवणूक एकट्या दुकानदाराची नव्हती, ऑर्डर मीच दिली होती.

त्यानंतर मात्र मी खालून बघायला शिकलो. फार ज्ञान लागत नाही हो. लागते ती थोडी निर्लज्जपणे ओणवं व्हायची तयारी, एक टॉर्च आणि एक टेप.

लाकडी वस्तूला ड्रॉवर असेल तर आधी तो पूर्ण बाहेर काढा. दुकानदार वरच्या नक्षीबद्दल बोलत राहील, बोलू द्या. ड्रॉवरच्या कोपऱ्यात पुढची आणि बाजूची फळी एकमेकांत अडकवलेली असते, कबुतराच्या शेपटीसारख्या दातांनी, ज्याला सुतार डव्हटेल म्हणतात. हाताने कापलेले दात कधीच एकसारखे नसतात, आणि कापण्याआधी सुताराने मारलेली आखणीची बारीक रेघ बऱ्याचदा तशीच राहिलेली असते. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मला तरी त्या नक्षीपेक्षा जास्त आनंद झाला होता. कोण्या माणसाने सुई धरून ती मारली, मनात मोजलं, मग करवत लावली. मशीनचे दात छापल्यासारखे सारखे येतात. ड्रॉवरचा तळ प्लायवूडचा असेल तर तो तळ तरी नवा आहे हे नक्की. ज्या पट्ट्यांवर ड्रॉवर सरकतो त्या बघा: शंभर वर्षं ओढला-ढकलला असेल तर त्या झिजून त्यात खोलगट वाट पडलेली हवी.

झीज हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे, पण तिला उलटतपासणी लागते. माणूस जिथे हात ठेवतो, पाय टेकवतो, तिथेच वस्तू झिजते. खुर्चीच्या हाताचं पुढचं टोक, खालच्या आडव्या दांडीची वरची कड, कपाटाच्या दाराची हाताशी येणारी बाजू. सगळ्या कडा सगळीकडून सारख्याच गोलसर दिसल्या तर ते वर्षांनी नाही, सँडपेपरने केलेलं काम.

मग मागची बाजू. जुन्या कपाटाची भिंतीकडची बाजू सहसा कोणी सजवायचं नाही. तिथलं लाकूड कोरडं, फिकट, धुळीने काळवंडलेलं असतं. आतून-बाहेरून, खालून-मागून एकच चॉकलेटी रंग दिसला तर समजा की बादली आणि ब्रश नुकतेच येऊन गेलेत. करवतीच्या खुणा शोधा: हातकरवतीच्या सरळ आणि वेड्यावाकड्या, गोल फिरणाऱ्या यंत्रकरवतीच्या धनुष्यासारख्या वळलेल्या.

टेप कशासाठी? गोल टेबलासाठी. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे अखंड फळ्यांचं जुनं गोल टेबल काटेकोर गोल राहत नाही. रेषांच्या दिशेने एक माप घ्या, मग आडवं घ्या, काही मिलिमीटरचा फरक पडायला हवा. दोन्ही मापं अगदी तंतोतंत आली तर मी तरी पाकीट बाहेर काढत नाही. (इंजिनिअर मंडळींना हा प्रकार फार आवडतो, कारण दुकानदाराशी बोलावंच लागत नाही.)

आणि किड्यांची भोकं! जुनेपणाचं सर्टिफिकेट म्हणून ती दाखवली जातात. बारीक तार घालून बघा. किडा ड्रिल मशीनसारखा सरळ जात नाही, आत वळतो. पण त्यातही एक मेख आहे. भोकांऐवजी पृष्ठभागावर लांबट उघड्या नाळ्या दिसल्या तर लाकूड खरंच जुनं आणि किडकं आहे, पण किडा खाऊन गेल्यावर ते कापलेलं आहे. म्हणजे जुनं लाकूड फाडून केलेली नवी वस्तू. ग्रामोफोनच्या मोटरसारखंच.

उलट खरं जुनं फारसं मिरवत नाही. इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठवा. वाफेवर लाकूड वाकवून खुर्च्या करायची ही पद्धत मिखाएल थोनेटची, त्याची सुप्रसिद्ध चौदा नंबरची खुर्ची १८५९ सालची. अशी खुर्ची उलटी केली तर बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कधीकधी थोनेट किंवा कोन असा कारखान्याचा शिक्का किंवा कागदी लेबलचा तुकडा सापडतो. ना मोर, ना नवाब. एक एक करून इराणी बंद झाले आणि या खुर्च्या बाजारात आल्या तेव्हा त्यांना कोणी 'पीस' म्हटलं नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात विनोदी भाग तोच आहे. आपल्याकडे १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी कुठलीही कलाकुसरीची वस्तू त्यात पुरावस्तू ठरते. एवढंच नाही, तेवढ्याच जुन्या इमारतीतून वेगळी काढलेली वस्तूही. म्हणजे दार, खांब, महिरप सगळं आलं. अशा वस्तू विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं. काही प्रकारच्या वस्तू, उदाहरणार्थ मूर्ती किंवा जुनी चित्रं, ज्याच्याकडे आहेत त्याने पुरातत्त्व खात्याकडे नोंदवायच्या असतात. आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, अगदी न्यू जर्सीच्या ताईसाठी गिफ्ट म्हणूनसुद्धा.

हे कळल्यापासून मी दुकानात एक प्रयोग करतो. आधी वय विचारतो. "सव्वाशे-दीडशे तर कुठेच गेले नाहीत साहेब." मग म्हणतो, छान, बिलावर तसं लिहून द्या, आणि तुमचा लायसन्स नंबर पण. आजवर एकानेही लिहून दिलेलं नाही. "म्हणजे तसं अँटिक नाही साहेब, अँटिक *टाईप* आहे." एका वाक्यात शंभर वर्षं कमी! आणि परदेशी न्यायचंय म्हटलं तर तोच माणूस वस्तू पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला मिळवून द्यायला तयार असतो. ड्रॉइंगरूमसाठी दोनशे वर्षं, कस्टमसाठी दोन.

तुम्ही करून बघा. दोनच शक्यता आहेत. तो खोटं बोलतोय, मग जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? किंवा तो खरं बोलतोय, मग तो विनालायसन्स पुरावस्तू विकतोय आणि त्या कुठून आल्या हा प्रश्न तुम्हाला पडलाच पाहिजे.

त्यावर एक ठरलेलं उत्तर येतं, आणि ते मला सहजासहजी खोडता येत नाही. "अहो, आम्ही घेतलं नसतं तर त्याचं सरपण झालं असतं." खरं आहे. मी स्वतः ते होताना बघितलंय. म्हणजे बघितलं नाही, तेच तर दुखणं आहे.

माझं आजोळ वाईजवळचं. मामाचा वाडा २०१२ साली पाडला. पाच हिस्सेदार, गळकं छप्पर, मागच्या सोप्याची भिंत आधीच बसलेली. मामाला मी दोष देत नाही, त्याने ओढता येईल तेवढं ओढलं. मी तेव्हा अमेरिकेत होतो. स्काइपवर त्याने विचारलं, "लाकडाचं काय करायचं रे? मुंबईचा एक माणूस आलाय." माझी दहा मिनिटांत मीटिंग होती. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर, मामा."

टेम्पोतून गेलं ते असं: दिंडी दरवाजा, माजघरातले चार सुरूदार खांब, तुळया आणि देवघराची महिरप. सगळं घनफुटाच्या एकाच भावाने. तुळई आणि महिरप, एकच भाव. वेलबुट्टी मोजायचं काही माप त्या माणसाकडे नव्हतं, किंवा होतं पण त्याने मामाला दाखवलं नाही. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. सुरूचे खांब मधोमध कापून केलेले दिव्याचे स्टँड मी नंतर दुकानांत बघितलेत, महिरपीत आरसा बसवलेला बघितलाय आणि दरवेळी "कुठलं?" विचारल्यावर "राजस्थान" हेच उत्तर ऐकलंय. वाई, सातारा, नाशिक असं उत्तर मला एकदाही मिळालेलं नाही. राजस्थान खपतं ना!

म्हणून "आम्ही वाचवलं" म्हणणाऱ्याला माझा प्रश्न एवढाच: काय वाचवलंत? लाकूड वाचलं, मान्य. पण तो खांब कुठल्या गावातला, कुठल्या सोप्यातला, त्याच्याशेजारी अजून तीन होते की पाच, हे सगळं टेम्पोत चढतानाच गेलं. पुण्यात केळकर म्युझियममध्ये जाऊन या. दिनकर केळकरांनी १९२० च्या दशकापासून गावोगाव फिरून अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुलपं, कोरीव दारं गोळा केली, आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. त्यांनीही वस्तू घरांतून बाहेर काढल्याच. कोथरूडचा मस्तानी महाल तर सुटा करून आणून म्युझियममध्ये पुन्हा उभा केला. पण आज तो मस्तानी महाल म्हणूनच उभा आहे, कोणाच्या बारचं काउंटर म्हणून नाही. विकत घेण्याला माझा विरोध नाही, नाव पुसून विकत घेण्याला आहे.

आपल्या हातात फार काही नाही, पण गिऱ्हाईक आपण आहोत. विकणाऱ्याकडून गाव, घर आणि जागेवरचा एक फोटो मागा. फोटो आजकाल प्रत्येकाच्या खिशात फुकट निघतो, टेम्पो भरायच्या आधी दोन मिनिटं लागतात. नसेल तर वस्तूला 'नवीन' म्हणा आणि नवीनचा भाव द्या. गिऱ्हाइकांनी हे विचारायला सुरुवात केली की तो मुंबईचा माणूस पुढच्या वाड्यात कॅमेरा घेऊन जाईल. त्याला इतिहासाचं प्रेम आहे म्हणून नाही, भाव मिळेल म्हणून. चालेल की.

माझ्याकडे त्या महिरपीचा एकच फोटो आहे, माझ्या मुंजीतला. त्यात आजोबा बरोबर मधे उभे आहेत, त्यामुळे तिचा डावा कोपरा तेवढा दिसतो.

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. आजीचं कपाट त्याच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये इतकी वर्षं पडून आहे. सागवानी, बिननक्षीचं, खालच्या खणाची मूठ तुटलेली. सोसायटीने पॅसेज मोकळा करा म्हणून नोटीस लावलीय. भंगारवाला पंधराशे म्हणतोय. "तुला हवंय का? दिवाळीच्या आत सांग." मी लगेच हो म्हटलं, आणि मग टेप काढला. आमच्या दाराची चौकट ३४ इंच. मामाने फोनवर मापून सांगितलेली कपाटाची खोली २३, रुंदी ४४, उंची ७८. आडवं करून आत येईल. लिफ्टमध्ये मात्र काही केल्या बसत नाही आणि आम्ही सातव्या मजल्यावर. बायको म्हणतेय, आलं तर ठेवणार कुठे ते आधी सांग. रविवारी चार हमाल घेऊन जातोय. मामाला सांगितलंय, हलवायच्या आधी जागेवर एक फोटो काढून ठेव.